मदत हवी आहे: पोटाचा डायलिसिस, सात वर्षांनी पाणी निघेना झालंय

नमस्कार मंडळी,

आम्ही खानापूर तालुक्यातले. आईचा पोटाचा डायलिसिस (नळीने पोटात साखरेचं पाणी सोडायचं, काही तासांनी काढायचं, त्याबरोबर रक्तातली घाण आणि जादा पाणी निघतं) सुरू होऊन सात वर्षं होत आली. पंखा बंद, दार बंद, तोंडाला मास्क, मग नळीला हात. दिवसाच्या चारही पिशव्या ती स्वतःच लावते. इतक्या वर्षांत इन्फेक्शन दोनदाच झालं.

बाहेर आलेली पिशवी आम्ही काट्याला अडकवून वजन वहीत लिहितो. पूर्वी पिवळ्या पिशवीचे (१.५ टक्के साखर) २ लिटर आत घातले की सव्वादोन तरी परत यायचे. आता हिरवीलाही (२.५ टक्के) जेमतेम दोनच येतात, आणि रात्रभर ठेवलेली तर घातली त्यापेक्षा कमी भरते. पायांना सूज आहे, लघवी जवळपास बंद. एक्स-रेमध्ये नळी जागेवर आहे, बद्धकोष्ठ नाही. सध्या रोज एक लाल पिशवी (४.२५ टक्के) लावायला सांगितलीय.

डॉक्टरांचं म्हणणं असं की पोटाच्या आतल्या अस्तरावर पेशींचा एकच पातळ थर असतो. वर्षानुवर्षं साखरेचं पाणी आणि इन्फेक्शन सोसून तो झडतो, खाली जाड चिवट थर धरतो आणि नव्या रक्तवाहिन्या फुटतात. त्यामुळे साखर झटकन रक्तात शोषली जाते आणि पाणी ओढून घ्यायला पोटात काही उरत नाही. क्रिएटिनिन ठीक येतंय, म्हणजे घाण निघतेय, अडलंय ते पाणी. मला सगळ्यात जास्त खुपतं ते हे, की आज सूज उतरवणारी लाल पिशवीच त्या अस्तराला आणखी बाधते.

पुढच्या आठवड्यात पीईटी (पोटाचं अस्तर कसं काम करतंय ते बघायची) तपासणी आहे. लाल पिशवी ४ तास ठेवून जादा पाणी ४०० मिलीच्या आत आलं, तर अस्तर थकलं असं धरतात.

ज्यांच्या घरी हे झालंय त्यांना विचारायचंय:

रात्रीसाठी आयकोडेक्स्ट्रिनची (नेहमीच्या साखरेऐवजी हळू शोषला जाणारा पदार्थ असलेली) पिशवी कुणी वापरली का? बेळगाव, हुबळी, कोल्हापूर, कुठे नियमित मिळते? आईला शुगर आहे आणि काही ग्लुकोमीटर या पिशवीवर साखर खोटीच जास्त दाखवतात म्हणे. तुम्ही कोणता वापरलात? यात चुकून इन्सुलिन जास्त गेलं तर जिवावर बेतेल.

रक्ताच्या डायलिसिसवर जायचं तर फिस्टुला (हातातली शीर आणि धमनी ऑपरेशनने जोडून केलेली सुईची जागा) आधीच करून ठेवावा का? तो तयार व्हायला महिने लागतात. आठवड्यातून तीनदा बेळगाव गाठायचं, तेही आमच्याकडच्या पावसात. म्हणून आई नको म्हणते. दादा म्हणतो ओढता येईल तेवढं ओढू. मला ते पटत नाही, कारण क्वचित का होईना, हे अस्तर आतड्यांना आवळून बसतं, आणि पोटाचा डायलिसिस थांबवल्यावरही तसं होऊ शकतं. उलट्या, पोटदुखी, वजन घटणं, लालसर पाणी यांवर आम्ही लक्ष ठेवून आहोत. आणखी काय बघायचं?

पीईटीच्या आधी उत्तर मिळालं तर डॉक्टरांना नेमकं विचारता येईल. कन्नडमध्ये लिहिलंत तरी चालेल, मी वाचते.