आरएक्स १००: क्लच कव्हरचे स्क्रू गोल झाले, चिमट्याचा बोल्ट जाम. काय करू?

खाडीकाठचा
मंडळी, बाबांची १९९३ ची यामाहा आरएक्स १०० मोटरसायकल सात वर्षं पडवीत उभी होती. गाव देवगडजवळ, पडवीतून समुद्र दिसतो, तेव्हा लोखंडाचे काय हाल झाले असतील ते सांगायला नको. इंजिन मागच्या महिन्यात चालू झालं, पण क्लच स्लिप होतोय. प्लेटा बदलाव्यात म्हणून उजवं कव्हर काढायला घेतलं. बाकीचे स्क्रू निघाले, तीन मात्र गोल झाले. एकाच्या डोक्याची तर वाटी झालीय, स्टार स्क्रू ड्रायव्हर आत नुसता गरगर फिरतो.

दुसरं दुखणं चिमट्याचं, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या, फ्रेमला बोल्टने जोडलेल्या दुहेरी दांड्याचं (स्विंगआर्म). नट निघाला, पण बोल्ट केसभरही हलत नाही.

गॅरेजवाला म्हणतो, "कव्हर फोडू, दुसरं बघू." मला ते फोडायचं नाही. माझ्याकडे रिंग पान्यांचा सेट, हातोडा, साधं ड्रिल मशीन आणि डब्ल्यूडी-४० चा डबा आहे. अजून काय विकत घेऊ? आणि कुठे थांबून लेथवाल्याकडे जाऊ?

उद्यमनगरी
आधी तो स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवा. निम्मी चूक त्याची आहे, तुमची नाही. जपानी बनावटीच्या गाड्यांचे स्क्रू दिसायला आपल्या नेहमीच्या फिलिप्ससारखेच, पण खाचेचा आकार वेगळा. त्याला जेआयएस (जपानी औद्योगिक मानक) म्हणतात. बऱ्याच स्क्रूंच्या डोक्यावर बारीक ठिपका असतो, ती त्याची खूण. फिलिप्सचं टोक खाचेच्या तळाला आधी टेकतं आणि पाकळ्या वरच राहतात. मग जोर लावला की खाचेच्या कडा सोलून निघतात. जेआयएसचा बिट मिळाला तर उत्तमच. नाही मिळाला तर साध्या बिटाचं टोक ग्राइंडरवर किंचित घासा, अर्धा मिलिमीटर पुरे. बिट तळापर्यंत जाऊन गच्च बसतो.

विकत एकच वस्तू घ्या: हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर. बॅटरीवरचा नव्हे, जुना लोखंडी दांडा असतो तो. आधी उलट दिशेला सेट करा, बिट खाचेत दाबून धरा, हाताने डावीकडे ताण द्या आणि मग एकच सणसणीत घाव. हळूहळू टकटक करत बसलात तर उरलीसुरली खाचही जाईल. घाव बसला की बिट खाचेत रुततो आणि त्याच क्षणी फिरतो. गंज फुटल्याचा 'टक्' असा आवाज आला की समजा जिंकलात.

वाटी झालेल्या स्क्रूवर इम्पॅक्ट वापरू नका. तिथे डोकंच उडवायचं. सहा मिलिमीटरचा स्क्रू आहे ना? मग मधोमध सेंटर पंच मारा, आधी ३ चं ड्रिल, मग साडेसहाचं. खोल जायचं नाही, फक्त डोक्याच्या जाडीपुरतं. डोकं ड्रिलला अडकून गोल फिरत वर येतं. कव्हर निघालं की बाहेर दांडी उरते. डोक्याने कव्हर आवळून धरलेलं असतं, तो ताण गेला की हीच दांडी व्हाईस ग्रिपने (घट्ट अडकून बसणाऱ्या पकडीने) धरून बऱ्याचदा सहज फिरते. लोकांना हे खरं वाटत नाही, करून बघा.

दोन_स्ट्रोक
+१. ड्रिल सावकाश चालवा आणि तेलाचा थेंब सोडत राहा. आणि डब्ल्यूडी-४० चं नावच 'वॉटर डिस्प्लेसमेंट', म्हणजे पाणी हटवणं. गंज सोडवायचं वेगळं पेनिट्रेटिंग ऑइल मिळतं, ते आणा. आमचे उस्ताद डिझेल लावून रात्रभर ठेवायचे. तेही चालतं, पण वेळ खातं.

खाडीकाठचा
गॅसची बत्ती लावली तर चालेल का? यूट्यूबवर सगळे तेच करताना दिसतात.

उद्यमनगरी
इंजिनवर उघडी ज्योत नको, हीट गन वापरा. आधी टाकी उतरवा, पेट्रोलची नळी बंद करा, मगच. गरम स्क्रूला नाही, आजूबाजूच्या ॲल्युमिनियमला करायचं. ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे आट्यांची पकड सैल पडते. हाताला चटका बसेल इतकं तापलं की पुरे. आणि ब्रेक क्लीनर मारलेल्या जागी कधीच उष्णता किंवा वेल्डिंग नको, त्यातल्या काही क्लीनरचा विषारी वायू होतो.

मीठभाकर
मी मिशिगनमध्ये राहतो. इथे हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, म्हणजे तुमच्या देवगडची हवा आमच्याकडे महानगरपालिकाच पुरवते :) जुन्या गाड्यांचे असेच बोल्ट काढून हात पिकलेत.

चिमट्याचा बोल्ट सरळ ठोकून काढायच्या भानगडीत पडू नका. तो चिमट्याच्या सांध्यातल्या बुशच्या आतल्या लोखंडी नळीला गंजून चिकटलाय. आधी दोन्ही बाजूंनी तेल पाजा, रोज दोनदा, आठवडाभर. मग डोक्यावर सहा कोनी गोटी (सॉकेट) आणि लांब दांडा लावून बोल्ट फिरवून बघा. जरासा फिरला की मागेपुढे करत राहायचं. ठोकायचं तेव्हा नट चार आटे चढवून ठेवा आणि त्याच्यावर ठोका. नाहीतर बोल्टचं टोक पसरतं आणि तो फ्रेममधून निघतच नाही. मी एकदा पसरवलंय, शेवटी ग्राइंडरने टोक कापावं लागलं.

बोल्टबरोबर नळीही फिरत असेल तर चिमटा आणि फ्रेमच्या फटीत हॅक्सॉचं पातं घालून बोल्ट दोन्हीकडे कापायचा. बोल्ट आणि बुश नवे घ्यायचे. फ्रेम वाचते.

दोन_स्ट्रोक
एक राहिलं. ईझी आऊट (मोडक्या स्क्रूत भोक पाडून उलटा फिरवायचा काढणी-बिट) घेऊ नका, निदान पहिल्या खेपेला. सहाच्या स्क्रूत मावणारा ईझी आऊट काडीसारखा असतो आणि आतच मोडतो. तो कडक पोलादाचा, त्यावर ड्रिल चालत नाही. माझा मोडला होता, शेवटी केसिंग घेऊन स्पार्क मशीनवाल्याकडे (विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवणाऱ्याकडे) जावं लागलं. त्यापेक्षा दांडीवर वॉशर आणि नट ठेवून वेल्ड मारून घ्या. त्या उष्णतेनेच निम्मं काम होतं. फक्त बॅटरी आणि सीडीआय (ठिणगी देणारं इलेक्ट्रॉनिक युनिट) आधी सोडवा.

खाडीकाठचा
दहा दिवसांनी सांगतोय. इम्पॅक्ट ड्रायव्हर आणला. पहिला स्क्रू एका घावात, दुसरा तिसऱ्या घावात. वाटीवाल्याचं डोकं उडवलं, दांडी बोटभर बाहेर राहिली. व्हाईस ग्रिप लावला आणि हाताने फिरली! बाबा शेजारी खुर्ची टाकून बसले होते. म्हणाले, "परत लावताना जरा ग्रीस लाव, मी लावलं नव्हतं."

एका भोकाचे आटे मात्र स्क्रूबरोबरच आले. कणकवलीला लेथवाल्याने हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची स्प्रिंग) बसवून दिली. कव्हरला आता सगळे ॲलन बोल्ट (षटकोनी खाचेचे) लावलेत. प्लेटा बदलल्या, क्लच धरतो.

चिमटा अजून तसाच. रोज सकाळ-संध्याकाळ तेल पाजतोय, काल गोटीवर अंगठ्याएवढा फिरला. पण बोल्टबरोबर नळीही फिरतेय असं वाटतंय. @मीठभाकर, हॅक्सॉचं पातं किती दातांचं घेऊ?

मीठभाकर
इंचाला २४ किंवा ३२ दात. हॅक्सॉची चौकट फटीत मावत नसेल तर नुसत्या पात्याच्या एका टोकाला जाड कापड गुंडाळून हाताने चालवा. आणि एक नाही, तीन-चार पाती आणा.