जुना फोन ते नवा फोन: काय, कसं आणि कोणत्या क्रमानं हलवायचं? (अनुभव धागा)

सदाशिव पेठ (धागाकर्ती)

दसरा-दिवाळीला घरोघरी नवे फोन येतात. दुकानात 'डेटा टाकून देतो' म्हणतात, तेव्हा बहुतेक वेळा फक्त नंबर आणि फोटो हलवलेले असतात. व्हॉट्सॲपच्या गप्पा, यूपीआय, बँकेची ॲप्स, ओटीपीची ॲप्स, रेकॉर्डिंग्ज या प्रत्येकाची जागा वेगळी आणि हलवायची रीतही वेगळी. एकच बटण दाबून सगळं जात नाही, म्हणून हा धागा. (आपण सगळे पुणे परिसरातले; प्रत्येक उत्तराच्या वर लिहिणाऱ्याचा भाग आहे.) ज्यांनी घरच्यांचे, शेजाऱ्यांचे, ऑफिसातल्यांचे फोन बदलून दिलेत त्यांनी नेमकं लिहा: कुठल्या मेनूत जायचं, काय अडतं आणि का अडतं.

सुरुवात नंबरांपासून करते. नंबर तीन ठिकाणी असू शकतात: फोनमध्ये, सिममध्ये आणि गूगल खात्यात. काँटॅक्ट्स उघडून एकेका नावाखाली ते कुठे साठवलंय ते बघा. जे 'डिव्हाइस' किंवा 'सिम' दाखवतात ते आधी गूगल खात्यात हलवा. सिमवर भरवसा नको. तिथं साधारण अडीचशेच नावं मावतात, एका नावाला एकच नंबर राहतो आणि देवनागरीत लिहिलेली लांब नावं कापली जातात.

नंबरांची व्हीसीएफ फाइलही (सगळे नंबर एकत्र असलेली, हिलाच व्हीकार्ड म्हणतात) काढून ठेवा (काँटॅक्ट्स, मग इम्पोर्ट-एक्स्पोर्ट). ही फाइल संगणकावर उघडली तर मराठी नावांच्या जागी '=' चिन्हं, इंग्रजी अक्षरं आणि आकडे यांची रांग दिसते. फाइल बिघडलेली नसते. व्हीकार्डच्या जुन्या २.१ प्रकारात देवनागरी अशाच रांगेत लिहितात आणि फोनमध्ये परत घेतली की नावं नीट दिसतात. हाताने 'दुरुस्त' करायला मात्र जाऊ नका.

कोथरूड

व्हॉट्सॲपबद्दल सविस्तर लिहितो, कारण लोकांचं सगळ्यात जास्त तिथंच जातं.

दोन्ही फोन अँड्रॉइड आणि जुना चालू असेल तर गूगल ड्राइव्हच्या वाटेला न जाता थेट हलवा. नव्या फोनवर व्हॉट्सॲप टाकून त्याच नंबरानं नोंदणी करा. जुन्या फोनवर सेटिंग्ज, चॅट्स, ट्रान्सफर चॅट्स या वाटेनं जाऊन नव्या फोनवरचा क्यूआर कोड स्कॅन करा. दोन्हींवर वाय-फाय आणि लोकेशन चालू हवं. 'नियरबाय डिव्हाइसेस'ची परवानगी मागितली तर द्या. ती नाकारली की फोन एकमेकांना सापडतच नाहीत, आणि लोक तासभर राउटर बंद-चालू करत बसतात. राउटरचा यात दोष नसतो.

ड्राइव्हवरून घ्यायचं असेल तर आधी जागा बघा. गूगलच्या फुकट १५ जीबीत आता व्हॉट्सॲपचा बॅकअपही मोजला जातो, पूर्वी मोजत नसत. मेल, फोटो आणि हा बॅकअप मिळून जागा भरली की रोजचा बॅकअप मुकाट्यानं थांबतो. म्हणून 'शेवटचा बॅकअप' याच्यापुढची तारीख वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. नव्या फोनवर तेच गूगल खातं आणि तोच नंबर लागतो. नंबरही बदलायचा असेल तर आधी जुन्या नंबरानं सगळं परत आणा आणि मगच 'चेंज नंबर' करा.

एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप चालू केला असेल तर त्याचा पासवर्ड किंवा ६४ अंकी की हाताशी हवी. ती हरवली तर तो बॅकअप कंपनीलाही उघडता येत नाही. टू-स्टेप पिनचंही (व्हॉट्सॲप नव्या फोनवर विचारतं तो पिन) बघून ठेवा. पिन विसरला आणि ईमेल जोडलेला नसेल तर सात दिवस थांबावं लागतं.

तिसरी वाट ड्राइव्ह भरलेल्यांसाठी. व्हॉट्सॲप रोज रात्री दोनच्या सुमारास फोनमध्येच एक बॅकअप करतं आणि साधारण शेवटच्या सात दिवसांचे बॅकअप ठेवतं. फाइल मॅनेजरमध्ये अँड्रॉइड, त्यात मीडिया, त्यात व्हॉट्सॲपच्या नावाचं फोल्डर असतं. ते अख्खं फोल्डर नव्या फोनवर त्याच जागी ठेवा आणि मगच ॲप पहिल्यांदा उघडा. आधी ॲप उघडून पुढे गेलात आणि नंतर फोल्डर टाकलंत तर 'रिस्टोअर' विचारलं जात नाही. तसं झालं तर ॲप काढून परत टाका. पण ॲप काढताना तेच फोल्डर पुसलं जाऊ शकतं, म्हणून त्याची एक प्रत आधी दुसरीकडे ठेवा.

हडपसर

सिम आणि यूपीआय. यात क्रम चुकला तर दिवसभर पैसे अडकतात.

यूपीआय ॲप नव्या फोनवर नोंदणी करताना तुमच्या सिमवरून एक एसएमएस पाठवतं. बँकेत नोंदलेल्या नंबराचं सिम त्याच फोनमध्ये हवं, एसएमएस जाण्यापुरता रिचार्ज हवा आणि दोन सिम असतील तर बरोबर सिम निवडलेलं हवं. 'व्हेरिफिकेशन फेल्ड' येण्याची बहुतेक कारणं या तिघांतच सापडतात.

यूपीआय पिन फोनमध्ये नसतो, तो बँकेकडे असतो. त्यामुळे फोन बदलला तरी जुनाच पिन चालतो. नवा करायला सांगून कोणी डेबिट कार्डाचे आकडे मागत असेल तर देऊ नका.

यूपीआय लाइट (छोट्या रकमांसाठीचं, पिनशिवाय चालणारं पाकीट) वापरत असाल तर जुना फोन सोडण्याआधी ते बंद करा. त्यातली रक्कम त्या फोनवरच्या ॲपशी बांधलेली असते आणि बंद केल्यावर खात्यात परत येते. ५००० रुपयांपर्यंत शिल्लक ठेवता येते, म्हणजे रक्कम लहान नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नव्या फोनसाठी सिमही बदलायचं असेल (डुप्लिकेट सिम, किंवा साध्या सिमचं ई-सिम, म्हणजे कार्डाशिवायचं सिम), तर सिम बदलल्यावर २४ तास एसएमएस बंद राहतात. फसवणूक रोखण्यासाठीचा हा नियम आहे. कॉल आणि इंटरनेट चालतं, त्यामुळे लोकांना वाटतं सगळं सुरळीत आहे. पण त्या दिवशी ओटीपी येत नाही आणि यूपीआयचा एसएमएस जात नाही. डुप्लिकेट सिम घेत असाल तर ते जुन्या फोनमध्येच बदलून घ्या, एक दिवस जाऊ द्या आणि मग फोन बदला. नव्या फोनवर यूपीआय सुरू झाल्यावरही पहिल्या दिवशी रकमेला मर्यादा असते, बहुतेक बँकांत ५००० रुपये. भाडं किंवा शाळेची फी भरायच्या दिवशी फोन बदलू नका.

बाणेर

ओटीपी ॲप्सचा (एसएमएसशिवाय, फोनमध्येच लॉगिनचे कोड दाखवणारी) उल्लेख राहिला. गूगल ऑथेंटिकेटर २०२३ पासून खात्याशी सिंक होतं, पण सिंक बंद असेल तर कोड फक्त जुन्या फोनमध्येच असतात. मेनूमध्ये 'ट्रान्सफर अकाउंट्स', मग 'एक्स्पोर्ट', मग क्यूआर. त्या क्यूआरचा स्क्रीनशॉट गॅलरीत ठेवू नका, ती तुमच्या सगळ्या किल्ल्यांची जुडी आहे. गूगलचे दहा बॅकअप कोड कागदावर लिहून ठेवा. नव्या फोनवर लॉगिन करताना 'तुम्हीच आहात का?' हा प्रश्न जुन्या फोनवर जातो आणि तो तोवर रिसेट झाला असेल तर हेच आठ-आठ अंकी कोड उपयोगी पडतात.

बुधवार पेठ (दुरुस्तीचं काम)

स्क्रीन फुटलेल्या फोनातून डेटा काढायचा असेल तर पहिली गोष्ट: फोन बंद करू नका. एकदा बंद होऊन चालू झाला की बोटाचा ठसा चालत नाही, पिन किंवा पॅटर्नच लागतो. टच मेलेला असेल तर तो टाकणार कसा?

चित्र दिसतंय पण टच चालत नाही, अशा वेळी ओटीजी ॲडॅप्टर (फोनच्या पोर्टाला यूएसबीच्या वस्तू जोडायचा तुकडा) आणि साधा यूएसबी माऊस जोडा. पडद्यावर बाण येतो आणि सगळं क्लिक करता येतं. इथल्या तापकीर गल्लीत (इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) ॲडॅप्टर स्वस्तात मिळतो. चित्रच दिसत नसेल तर यूएसबी-सी हब लावून टीव्हीवर पडदा दाखवता येतो. पण त्यासाठी फोनच्या पोर्टातून व्हिडिओ बाहेर यायची सोय हवी आणि स्वस्त फोनांत ती बहुधा नसते. मग डिस्प्ले बदलणं हाच मार्ग. नुसती केबल संगणकाला लावून उपयोग होत नाही, लॉक उघडल्याशिवाय फोन फक्त चार्जिंग दाखवतो.

केबलबद्दलही सांगतो. बऱ्याच स्वस्त केबलींत डेटाच्या तारा नसतात, फक्त चार्जिंगच्या असतात. 'फाइल ट्रान्सफर' हा पर्याय दिसला नाही तर आधी केबल बदला, फोनला दोष देऊ नका. फोनसोबत येणाऱ्या सी-टू-सी केबलीही बहुधा यूएसबी २.० वेगाच्या असतात, म्हणजे प्रत्यक्षात सेकंदाला ३०-४० एमबी. १०० जीबीला पाऊण ते एक तास धरा. हजारो छोट्या फाइली असतील तर त्याहून जास्त. दोन फोन केबलनं जोडले की चार्जरची जागा अडते, वर नवा फोन जुन्याकडून चार्ज ओढू शकतो. जुना फोन पूर्ण चार्ज करूनच बसा.

मेमरी कार्डाचं एक. कार्ड 'इंटर्नल स्टोरेज' म्हणून फॉरमॅट केलेलं असेल तर ते त्या फोनपुरतंच एन्क्रिप्ट होतं. काढून नव्या फोनात घातलं तर रिकामं किंवा खराब दाखवतं. तिथं 'फॉरमॅट करू का?' विचारलं तर नाही म्हणा, कार्ड जुन्या फोनात परत घाला आणि तिथूनच डेटा काढा.

औंध

अँड्रॉइडवरून आयफोनवर: 'मूव्ह टू आयओएस' ॲप आयफोनच्या पहिल्या सेटअपमध्येच वापरा. व्हॉट्सॲपच्या गप्पाही त्याच वाटेनं जातात. ड्राइव्हवरचा बॅकअप आयफोनला वाचता येत नाही.  ट्रान्सफर चालू असताना जुन्या फोनवर ते ॲप समोर उघडं ठेवा, मोबाइल डेटा आणि बॅटरी सेव्हर बंद करा. अँड्रॉइडवर 'झालं' दिसलं तरी आयफोनवरची पट्टी पूर्ण होईपर्यंत हात लावू नका.

आयफोन सोडून अँड्रॉइडवर जाणाऱ्यांनी सिम काढायच्या आधी आयमेसेज (ॲपलची मेसेजची सोय) बंद करावं. नाही केलं तर आयफोनवाल्यांचे मेसेज तिकडेच जात राहतात.

आयफोनवरून आयफोनवर जाताना आयक्लाउडच्या ५ जीबीची चिंता नको. नवा फोन घेताना ॲपल तीन आठवड्यांपर्यंत तात्पुरती जागा फुकट देतं (सेटिंग्ज, जनरल, ट्रान्सफर ऑर रिसेट). संगणकावर बॅकअप घेत असाल तर 'एन्क्रिप्ट' वर खूण करा, त्याशिवाय पासवर्ड आणि हेल्थचा डेटा येत नाही.

सहकारनगर

फोटोंच्या तारखा. कॅमेऱ्याच्या फोटोत तारीख आतच लिहिलेली असते, ती टिकते. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोत ती काढून टाकलेली असते, म्हणून गॅलरी फाइलची तारीख बघते. संगणकामार्फत कॉपी केलं की दहा वर्षांचे फोटो आजच्या तारखेला येऊन बसतात. खरी तारीख फाइलच्या नावात असते: आयएमजी-२०१९०३१४-डब्ल्यूए०००७ म्हणजे १४ मार्च २०१९. फाइलींची नावं कधीच बदलू नका. शक्य तर संगणकाऐवजी फोन कंपनीचं ट्रान्सफर ॲप वापरा (स्मार्ट स्विच, क्लोन फोन, ईझीशेअर). दोन फोन थेट वाय-फायनं जोडले जातात, मोबाइल डेटा खर्च होत नाही.

गूगल फोटोजमध्ये व्हॉट्सॲपच्या फोटोंचं फोल्डर आपोआप बॅकअप होत नाही, ते वेगळं चालू करावं लागतं. सिक्युअर फोल्डर, लपवलेले अल्बम, लॉक्ड फोल्डर यांतलंही बहुधा आपोआप येत नाही. कागदपत्रांचे फोटो लोक नेमके तिथंच ठेवतात, तेव्हा आधी बाहेर काढा.

निगडी

ज्यांना ड्राइव्हवरून मोठा बॅकअप उतरवायचाय त्यांनी गुरुवार टाळावा. आपल्याकडे महावितरणची देखभालीची कामं बहुधा गुरुवारीच असतात, आणि वीज गेली की राउटरही गेला.

जुना फोन 'असू दे बॅकअपला' म्हणून कपाटात ठेवणाऱ्यांसाठी: अँड्रॉइडचा गूगलवरचा बॅकअप, फोन ५७ दिवस वापरला नाही तर पुसला जाऊ शकतो.

सदाशिव पेठ (धागाकर्ती)

जुना फोन विकायचा किंवा कामवाल्या मावशींना द्यायचा असेल तर आधीच्या भागाइतकीच काळजी हवी. जागा मोकळी करायला गूगल फोटोजमध्ये जाऊन फोटो डिलीट करू नका. तिथून ते क्लाउडमधूनही जातात आणि नव्या फोनवरूनही दिसेनासे होतात. तसं झालं असेल तर ६० दिवसांच्या आत ट्रॅशमधून परत आणा.

नव्या फोनवर एकेक गोष्ट उघडून बघा: सगळ्यात जुन्या गप्पा, एखादं व्हॉइस रेकॉर्डिंग, बँकेचं ॲप, एक रुपयाचा यूपीआय. मध्ये दोन आठवडे जाऊ द्या. काय राहिलंय ते वापरताना कळतं. मगच जुन्या फोनच्या सेटिंग्जमधून गूगल खातं (आणि कंपनीचं खातं असेल तर तेही) काढा आणि नंतर फॅक्टरी रिसेट करा. खातं न काढता बटणं दाबून रिसेट केलं तर फोन नव्या माणसाकडे जुन्या खात्याचा पासवर्ड मागतो. आयफोनमध्ये 'फाइंड माय' (हरवलेला फोन शोधायची सोय) बंद करायला विसरलं तरी तेच होतं.