कोल्हापुरातील स्वतंत्र प्रोटेस्टंट मंडळी : परंपरा किती जुनी, कारभार कसा?

रंकाळाकाठ (प्रश्न) :
नमस्कार. माझ्या मामेबहिणीचे लग्न ज्या घरात ठरले आहे, ते घर कोल्हापुरातील एका स्वतंत्र प्रोटेस्टंट मंडळीचे (चर्चचे) सभासद आहे. आम्ही सीएनआयचे (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया); बिशप (अनेक मंडळ्यांवरील वरिष्ठ धर्माधिकारी), धर्मप्रांत (बिशपच्या अखत्यारीतला प्रदेश), पाळकांची (पाद्र्यांची) बदली हे सारे आमच्या अंगवळणी पडलेले. त्यांच्याकडे बिशप नाही, आणि आमचे पाळक आम्हीच निवडतो असे भावी सासरे अभिमानाने सांगतात. आमच्या आजीला मात्र ही कालपरवा फुटून निघालेली मंडळी वाटते. अशा मंडळ्या खरोखर अलीकडच्या आहेत का, आणि त्यांचा कारभार चालतो कसा?

शुक्रवारपेठकर :
आजींचा समज पुष्कळांचा असतो, पण कोल्हापुरात तो टिकत नाही. १८५२ मध्ये मिशनरी रॉयल वाइल्डर येथे आले ते अमेरिकन बोर्ड या अमेरिकेतील प्रोटेस्टंट मिशन संस्थेतर्फे. मिशनचा पैसा शाळांपेक्षा उपदेशावर आणि स्थानिक मंडळ्या उभ्या करण्यावर खर्च व्हावा, असे बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन यांचे मत होते. वाइल्डर शाळांचा आग्रह सोडीनात. अखेर संबंध तुटले, आणि १८६१ पासून १८७० मध्ये प्रेस्बिटेरियन बोर्डाने (प्रेस्बिटेरियन पंथाच्या अमेरिकेतील मिशन संस्थेने) हे काम आपल्याकडे घेईपर्यंत वाइल्डर यांनी ते कोणत्याही बोर्डाच्या आधाराविना, देणग्यांवर चालवले. गंमत अशी की, मंडळीने आपला कारभार, आपला खर्च आणि आपला प्रसार स्वतःच पाहावा हा विचार हिरिरीने मांडणाऱ्यांत हेच अँडरसन होते. उलट सीएनआय घडली ती २९ नोव्हेंबर १९७० रोजी, नागपुरात, सहा पंथ एकत्र येऊन. तेव्हा संस्था म्हणून धाकटी कोण, हे आजींना जरा हळूच विचारावे.

मंडळीतला एक :
मी अशाच एका मंडळीत वाढलो, म्हणून कारभाराचे सांगतो. आमच्याकडे सर्वोच्च अधिकार सभासदांच्या वार्षिक सभेचा. मंडळीचे वडील (एल्डर) आणि सेवक (डीकन) हे पदाधिकारी तीच निवडते, पाळकांना बोलावणेही तीच धाडते, आणि त्यांचा पगार वर्गणी, दशांश (उत्पन्नाच्या दहाव्या भागाचे दान) व दानपेटी यांतूनच निघतो. कापणीच्या सणाला हे डोळ्यांना दिसते : उपासना संपली की वेदीपुढची गुळाची ढेप, नारळ, भाताची पोती आणि पाय बांधलेली कोंबडी अंगणात येतात, लिलाव पुकारला जातो, आणि पाचशेची ढेप दोन हजारांना गेली तरी कुणी चकित होत नाही, कारण छपराचे पत्रे त्यातूनच बदलायचे असतात. संध्याकाळच्या आत रक्कम खजिनदाराच्या वहीत चढते. गाणी मात्र तुमचीच आहेत. नारायण वामन टिळकांची पदे आम्हीही टाळ-पेटीवर म्हणतो, त्यामुळे मामेबहिणीला पहिल्या रविवारी परके वाटणार नाही.

रंकाळाकाठ :
धन्यवाद. लिलावाचे आजीला सांगितले. तिचा निम्मा राग तिथेच उतरला.

ताराराणी चौक :
वरील चित्र खरे आहे, पण अर्धे. बिशप नसला म्हणजे भांडण नेण्यासाठी वरची पायरीही नसते. माझ्या माहितीतील एका मंडळीत (नाव सांगत नाही) उपासनेची जागा संस्थापक पाळकांच्या वैयक्तिक नावावर राहिली; ते वारल्यावर मुलांनी वाटणी मागितली, आणि मंडळीने सहा महिने एका सभासदाच्या गच्चीवर ताडपत्रीखाली प्रभुभोजन (भाकर व द्राक्षरसाचा पवित्र विधी) घेतले. ज्या मंडळ्यांची नोंद १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली झालेली आहे, मिळकत विश्वस्त संस्थेच्या नावे आहे आणि विश्वस्त बदलले की धर्मादाय आयुक्त कार्यालयात बदल अर्ज वेळेवर जातो, तेथे असा प्रसंग सहसा येत नाही. पाळक निवडण्याचा अभिमान योग्यच आहे. मी मात्र सोयरिकीच्या गप्पांत सासऱ्यांना सहज विचारले असते की, मागील वार्षिक सभेत हिशेब वाचून दाखवला का, आणि किती जणांनी त्यावर प्रश्न विचारले.