तेलाचा डबा बदलून हार्ट अटॅक टळतो का?

घाटवाट

चाळिशीतलं कुणी अटॅकने गेलं की तासाभरात व्हॉट्सॲपवर तेलाची चर्चा सुरू होते. रिफाइंड बंद करा, लाकडी घाण्याचं आणा. त्यासाठी किलोमागे दुप्पट पैसे मोजणारे माझ्या ओळखीत बरेच आहेत. त्यांना स्वतःचं बीपी किती ते विचारा, उत्तर येत नाही. माझं स्पष्ट मत आहे की आपण भलत्याच डब्याशी भांडतोय.

पुण्याच्या केईएममधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्यासोबतचा फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापला होता. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. शर्टात दोघंही सडपातळ. अंगातली चरबी मोजली तर युडकिन ९.१ टक्के, याज्ञिक २१.२ टक्के. याज्ञिकांच्या चमूने पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळंही मोजली. वजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. वजन कमी, स्नायू कमी, चरबी मात्र त्या मानाने राखलेली. असं अंग घेऊन आपण ताटभर भात-पोळी, चार वेळा साखरेचा चहा आणि दिवसभर खुर्ची असं जगतो. पोट सुटतं, साखर वाढते, मग हृदयाचा नंबर लागतो. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या वर आणि बायकांची ८० च्या वर गेली की सावध व्हायचं. बाकी सगळं त्यानंतर.

माणदेशी

मालक, आमचे आजोबा भाकरीवर तुपाची धार धरून जेवायचे आणि नव्वदी पार करून गेले. शेंगदाण्याचं तेल गावच्या घाण्यावरचं. डालडा आला, बेकरीतली खारी आली, तिथून खरी बिघाडी झाली. हे तुम्ही एका वाक्यातही लिहिलं नाहीत. आणि भात-पोळीला कशाला धरताय? बापजाद्यांनी तेच खाल्लं.

शंकेखोर_डॉक्टर

डालड्याबद्दल माणदेशींशी पूर्ण सहमत. वनस्पती तुपातलं ट्रान्स फॅट वाईट कोलेस्ट्रॉल वाढवतं आणि चांगलं घटवतं, दुहेरी मार. आपल्याकडे त्याची मर्यादा २ टक्क्यांवर यायला जानेवारी २०२२ उजाडलं. पण आजोबांचा दाखला चालणार नाही. नव्वदीपर्यंत पोचलेले आजोबा आठवणीत राहतात; पन्नाशीत 'छातीत कळ येऊन' गेलेले त्यांचे भाऊ कुणाच्या हिशेबात नसतात. तेव्हा ईसीजी कुठे होता? शिवाय ते आजोबा दिवसभर औत धरत होते. ती धार खुर्चीत बसून पचत नाही. घाण्याच्या तेलाला वास छान असतो, पण कोलेस्ट्रॉलच्या हिशेबात शेंगदाणा तो शेंगदाणाच.

आता घाटवाट. भात-पोळीवर तुम्ही फार भार टाकलात. २०१७ च्या 'प्युअर' अभ्यासात १८ देशांतली १,३५,००० हून जास्त माणसं होती आणि जास्त कर्बोदकं खाणाऱ्यांत मृत्यू जास्त दिसले, हे खरं. पण जगात निव्वळ भातावर पोट भरणारा माणूस बहुतेक गरीब असतो, त्याला दवाखानाही लांब असतो. मग त्याला भाताने मारलं की गरिबीने, हे त्या आकड्यातून सुटं काढता येत नाही. मला विचाराल तर पहिल्या नंबरवर तंबाखू आणि बीपी. २००४ च्या 'इंटरहार्ट' अभ्यासात ५२ देश होते. धूम्रपान, कोलेस्ट्रॉल, बीपी, मधुमेह, पोटाचा घेर, ताण, फळं-भाज्या न खाणं, व्यायाम नसणं आणि दारूचं प्रमाण, या नऊ गोष्टींत पहिल्या अटॅकचा सुमारे ९० टक्के धोका मावला. दक्षिण आशियात पहिला अटॅक साधारण ५३ व्या वर्षी, इतर देशांत ५८-५९ ला. आपल्याकडे ह्याच गोष्टी कमी वयात गोळा होतात, गूढ वगैरे काही नाही.

खरं_बोलू_का

सगळे मुद्द्याला बगल देतायत. २०२१ नंतर जिममध्ये, वरातीत नाचताना पोरं पडायला लागली. कोविडच्या लशीचं नाव कुणी घेणार का?

शंकेखोर_डॉक्टर

घेतो. हीच शंका तपासायला आयसीएमआरने (सरकारची वैद्यकीय संशोधन संस्था) ४७ रुग्णालयांतून १८ ते ४५ वयातले अचानक मृत्यू गोळा केले, शेजारपाजारच्या जिवंत माणसांशी तुलना केली आणि २०२३ मध्ये निष्कर्ष छापले. लशीमुळे धोका वाढल्याचं दिसलं नाही. दोन डोस घेतलेल्यांत तो कमीच होता. धोका कुठे वाढला? कोविडमुळे रुग्णालयात राहावं लागलेले, घरात आधी असा मृत्यू झालेले, मृत्यूच्या आधीच्या ४८ तासांत भरपूर दारू प्यालेले किंवा जोरदार कष्टाचा व्यायाम केलेले. वरातीत यातल्या शेवटच्या दोन गोष्टी एकत्रच असतात.

खरं_बोलू_का

सरकारी संस्था सरकारी लशीला दोषी ठरवेल? असो. तुमचा विश्वास तुम्हाला लखलाभ.

सई_मिरजेकडची

तुमची सगळ्यांची चर्चा ऑफिसात बसणाऱ्या पुरुषाभोवती फिरतेय. माझी मावशी सकाळी चुलीजवळ बसून मिश्री लावते, दुपारी लावते, झोपताना लावते. तंबाखू काळीशार भाजून केलेली पूड, डबी कायम कनवटीला. तिला 'तंबाखू खाता का' विचारलं तर ती ठाम 'नाही' म्हणते, कारण तिच्या लेखी ते दात घासणं आहे. डॉक्टरही पुढे विचारत नाहीत. वर चुलीचा धूर. छातीत जळजळलं की 'पित्त झालं' म्हणून आलं-लिंबू. बायकांत अटॅक पुष्कळदा दम लागणं, मळमळ, जबडा-पाठ दुखणं असाच येतो, त्यामुळे गाडी काढायला उशीर होतो.

गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. शाळेसमोरच्या टपरीवर आज जाऊन बघा.

घाटवाट

सईताई, मिश्रीचा मुद्दा शंभर टक्के. पण डॉक्टरसाहेब, बीपी आणि साखर आकाशातून पडत नाहीत, त्यांची वाट बहुतेक वेळा कमरेवरूनच जाते. आयसीएमआरच्या २०२३ च्या देशव्यापी पाहणीत गोव्यात मधुमेह २६.४ टक्के निघाला, देशात सर्वांत जास्त. तिथे काय मिश्री लावतात? बसणं वाढलं, खाणं वाढलं. तुम्ही नऊ कारणांची यादी दिलीत की माणूस एकही धरत नाही. त्याला कंबर मोजायची एकच टेप द्या.

शंकेखोर_डॉक्टर

गोव्याचा आकडा मधुमेहाचा आहे, अटॅकचा नाही. एवढी उडी मारू नका. आणि टेप देऊन काय होणार? बारीक कमरेचा, रोज दोन पाकिटं ओढणारा माणूस तुमच्या टेपवर पास होतो. फिनलंडमधल्या उत्तर कारेलियात १९७२ पासून लोणी, मीठ, सिगारेट आणि बीपी या सगळ्यांवर एकदम काम झालं. डेअरीवाले, सॉसेजवाले, गृहिणींची मंडळं, सगळ्यांना कामाला लावलं. चाळीसेक वर्षांत तिथल्या कामाच्या वयातल्या पुरुषांचे हृदयविकाराचे मृत्यू ८० टक्क्यांहून जास्त उतरले. एका गोष्टीच्या नादी लागून नव्हे.

माणदेशी

फिनलंड ठीक आहे हो. आमच्याकडे पापड, लोणचं, ठेचा, वर चिवडा. मिठाला हात लावला तर घरात महाभारत होतं.

सई_मिरजेकडची

गावात आशाताई तिशीवरच्यांचा फॉर्म भरून घेतात. वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम, घरात कुणाला बीपी-साखर-हृदयविकार. म्हणजे तुमच्या दोघांचंही भांडण त्या एका कागदावर आहे. मावशीचा भरला, बीपी वाढलेलं निघालं, उपकेंद्रात गोळी सुरू झाली. तिसऱ्या महिन्यात 'स्टॉक नाही, पुढच्या आठवड्यात या'. शेतात कापणी होती, ती गेलीच नाही. आता टेप आणायची की तेल, ते तुम्ही ठरवा. मला मावशीची गोळी तालुक्याहून आणायला एसटी गाठायचीय.