बीजी-२ मधी दोन जीन, तरी गुलाबी अळी काहून?

वणीकडचा कास्तकार: पोरगी अकोल्याले कृषी शिकते. जीन, जीनोम, म्युटेशन असे शब्द फेकते. बीजी-२, म्हणजे बोंडअळी मरावी म्हणून केलेलं बीटी कापसाचं बियाणं, त्यात दोन जीन आहेत म्हणे. मंग फोडलेल्या बोंडात सरकी पोखरलेली अन् कापूस पिवळा काहून निघते? सोपं सांगा.

बॉटनीवाला: काका, आपल्या अमेरिकन पऱ्हाटीच्या पेशीत ५२ क्रोमोसोम, म्हणजे गुणसूत्रं, देशीत २६. त्यावर ए, टी, जी, सी या चारच अक्षरांत सगळा मजकूर. पूर्ण मजकूर म्हणजे जीनोम, एखादं प्रथिन कसं बनवायचं हे सांगणारा तुकडा म्हणजे जीन. बीजी-२ मधले क्राय१एसी आणि क्राय२एबी हे मुळात जिवाणूचे जीन. त्यांचं प्रथिन अळीच्या आतड्याला भोकं पाडतं.

लॅबवाली ताई: पण क्राय१एसीला आधी अळीच्या आतड्यातल्या कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाला चिकटावं लागतं. काही अळ्यांत कॅडहेरिनचा जीनच बिघडलाय. हेच म्युटेशन. क्राय२एबीलाही आता अळी दाद देत नाही. साध्या अन् प्रतिकारक अळीची अक्षरं कॉम्प्युटरवर एकाखाली एक लावून फरक शोधतात, त्याला अलाइनमेंट म्हणतात. बायोइन्फॉर्मेटिक्सवाल्यांचं निम्मं आयुष्य त्यातच जातं!

कास्तकार: म्हणजे अळीनंही बियाणं बदललं म्हणा की.

बॉटनीवाला: तसंच. फरदड ठेवू नका, म्हणजे हंगाम संपल्यावरही पऱ्हाटी शेतात राखू नका, अळीले पुढच्या हंगामापर्यंत खायला मिळते.

कास्तकार: फरदडीचं बायकोले तुम्हीच सांगा, भाऊ.