करुणेने आरोग्य सुधारते म्हणतात, मग मला थकवा का?

प्रश्न :
माझ्या सासूबाई पक्षाघातामुळे दीड वर्षापासून अंथरुणाला खिळल्या आहेत आणि त्यांची शुश्रूषा मीच करते. करुणेमुळे मन शांत राहते, रक्तदाब आटोक्यात राहतो, असे लेख नातेवाईक मला नेमाने पाठवतात (पाठवणाऱ्यांपैकी भेटायला क्वचितच कोणी येते). माझा अनुभव उलट आहे. सासूबाईंचे कण्हणे ऐकून माझीच झोप उडाली आहे. माझ्यातच करुणा कमी आहे, असे समजावे का?

उत्तर १ :
ताई, तसे मुळीच समजू नका. दुसऱ्याचे दुःख आपल्यालाच होऊ लागणे ही सहवेदना आणि ते दुःख हलके व्हावे ही आपुलकीची इच्छा म्हणजे करुणा. आपण या दोहोंची गल्लत करतो. टानिया सिंगर आणि ओल्गा क्लिमेकी या मेंदू-संशोधकांच्या प्रयोगात, केवळ सहवेदनेचा सराव केलेल्यांना इतरांच्या यातनांची दृश्ये पाहताना अधिक त्रास होऊ लागला. त्यांनाच पुढे करुणेचा सराव दिल्यावर, दृश्ये तशीच क्लेशदायक असूनही, त्यांच्या सकारात्मक भावना वाढल्या. पतंजलींनीही करुणेला मैत्री, मुदिता (दुसऱ्याच्या चांगल्यातला आनंद) आणि उपेक्षा (म्हणजे तटस्थता, हेळसांड नव्हे) यांच्या पंक्तीत बसवले आहे, शोकाच्या नव्हे.

उत्तर २ :
वरील भेद पटतो, पण रात्रीतून तीनदा कूस बदलून देणाऱ्या बाईला मनाचा सराव सांगण्याआधी कोणीतरी तिची एक पाळी घ्यायला हवी. केरळमध्ये नेमके हेच ओळखले गेले. कोझिकोडला १९९३ मध्ये वेदनाशमन व परिहार सेवेची (गंभीर आजारात रुग्णाचा त्रास हलका करणाऱ्या शुश्रूषेची) संस्था सुरू झाली आणि पुढे मलप्पुरमसारख्या जिल्ह्यांत शेजारपाजारच्या लोकांचे जाळे उभे राहिले. प्रशिक्षण घेतलेले स्वयंसेवक आठवड्यातून किमान दोन तास देतात, परिचारिकेसह घरी जातात, आणि गरज असेल तिथे तांदूळ किंवा मुलांच्या शाळेचा खर्चही पाहतात. २००८ मध्ये राज्य सरकारने यासाठी स्वतंत्र धोरण स्वीकारले. तेथे करुणा एका सुनेच्या स्वभावावर सोडलेली नाही, तिचे वेळापत्रक केलेले आहे. आपल्याकडे असे जाळे नसले, तरी लेख पाठवणाऱ्यांकडे आठवड्याचे दोन तास तुम्ही निःसंकोच मागा.

प्रश्नकर्ती :
दोघांचेही आभार. नणंदेला फोन केला. ती शनिवारची रात्र सांभाळायला तयार आहे. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कूस कशी बदलायची, हे तिला आधी शिकवावे लागेल. कोणी नीट समजावून सांगू शकेल का?