रात्री एकाच जागी लोखंडाचा आणि चांगल्या धातूचा सिग्नल आल्यास खणावे की सोडावे?

प्रश्न (वाटसरू)

नमस्कार. दिवसा सवड मिळत नसल्यामुळे जागामालकाच्या परवानगीने मी एका जुन्या वस्तीच्या मोकळ्या जागेवर रात्री मेटल डिटेक्टर चालवतो. यंत्र एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरणारे असून त्याला ११ इंची डीडी कॉइल (जमिनीवर फिरवायची चकती, जिच्यात D आकाराची दोन वेटोळी असतात) आहे. अडचण अशी, की कित्येक ठिकाणी कॉइल एका दिशेने फिरवली असता तांब्या-चांदीच्या पट्ट्यातला स्वच्छ, उंच टोन येतो आणि परतीच्या फेरीत नेमक्या त्याच जागी लोखंडाची घरघर ऐकू येते. पडद्यावरील धातू ओळखण्याचा आकडाही या टोकाकडून त्या टोकाकडे उड्या मारतो. असे सगळे सिग्नल खणत बसल्यास रात्र खिळ्यांतच सरते आणि सोडून दिल्यास मागे काहीतरी राहिल्याची रुखरुख लागते. डिस्क्रिमिनेशन (नको त्या धातूचे सिग्नल गाळण्याची सोय) वाढवून लोखंडाचा आवाज पूर्ण बंद करावा का?

उत्तर (गंजखोर)

तो आवाज बंद करू नका. फार तर त्याची पातळी बारीक करा. यंत्राने लोखंड गाळले की कॉइल खिळ्यावरून जाताना क्षणभर शांतता पसरते आणि त्याच क्षणात शेजारचे नाणेही गिळले जाते. दिवसा गंजलेले पत्रे आणि तारा डोळ्यांना दिसतात, म्हणून खिळ्यांचे रान कोठे सुरू झाले हे समजते. रात्री ती बातमी केवळ ती घरघरच देते.

आकड्याविषयी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कॉइलच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे धातूमध्ये सूक्ष्म विद्युत्प्रवाह फिरू लागतात आणि त्यांच्यामुळे परत येणारी लहर किती मागे पडली, म्हणजे तिचा फेज किती सरकला, यावरून यंत्र आकडा ठरवते. कॉइलखाली खिळा आणि नाणे एकाच वेळी असतील तर यंत्रापर्यंत त्या दोघांची बेरीजच पोहोचते, त्यामुळे पडद्यावरचा आकडा धड खिळ्याचा नसतो आणि धड नाण्याचाही नसतो. ही बेरीज फोडणे हेच आपले काम आहे. त्यासाठी फेरी आखूड आणि संथ करावी, सिग्नलच्या जागेभोवती आपण स्वतः काटकोनात फिरावे आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा ऐकावे. उंच टोन दोन्ही दिशांनी त्याच बिंदूवर येत असेल तर तेथे खणण्यासारखे काही असण्याची शक्यता बरीच आहे. दिशा बदलताच तो घरघरीत विरघळत असेल, किंवा पिनपॉइंट केल्यावर (नेमका बिंदू शोधल्यावर) त्याची जागा बाजूला सरकत असेल, तर बहुधा ती खिळ्याच्या टोकाची करामत असते.

गंजलेला रुंद पत्रा, लोखंडी कडी आणि पोलादी बूच मात्र या परीक्षेतही फसवतात, कारण त्यांच्या आकारात प्रवाहाला फिरण्यास मोकळी वाट मिळते आणि आकडा थेट वरच्या पट्ट्यात जातो. अशा वेळी कॉइल हळूहळू वर उचलून पाहावी. उथळ, लहान नाण्याचा आवाज थोड्याच उंचीवर मावळतो, तर मोठा पत्रा बराच वेळ बोलत राहतो. बुचासाठी कॉइलचे पुढचे टोक सिग्नलवरून मागे ओढावे. पोलाद असेल तर कडेवर टोन बहुतेक वेळा फाटतो.

खिळ्यांच्या दाटीत ११ इंची कॉइल मोठी पडते. लहान कॉइल लावल्यास आणि रिकव्हरी स्पीड (एका सिग्नलनंतर पुढच्यासाठी यंत्र तयार होण्याचा वेग) वाढवल्यास दोन वस्तू वेगळ्या ऐकू येतात. खोली थोडी कमी होते, पण अशा जागी तो सौदा फायद्याचाच आहे.

उत्तर (मातीचा माग)

वरील उत्तराशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु एकाच दिशेने येणारा सिग्नल म्हणजे खिळाच, हा निष्कर्ष घाईचा ठरेल. नाणे खिळ्याला चिकटून पडले असेल किंवा कडेवर उभे असेल, तर तेही एकाच बाजूने बोलते. उंच टोन कमी ताकदीचा असला तरी प्रत्येक वेळी त्याच बिंदूवर येत असेल, तर प्रथम खिळा काढावा आणि खड्डा तसेच बाहेर काढलेली माती पुन्हा तपासावी. खिळा गेल्यावर टोन खुलला तर खाली आणखी काही आहे. तो नाहीसा झाला तर प्रश्नच मिटला.

हा घोळ या तंत्राच्या जन्मापासूनचा आहे. १८८१ मध्ये अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातील गोळी अशाच प्रकारच्या उपकरणाने शोधण्याचा प्रयत्न केला, तेव्हा गादीतील पोलादी स्प्रिंगांनी सिग्नल गढूळ केल्याचे सांगितले जाते.

वाटसरू

दोघांचेही आभार. एक शंका उरते. कॉइल स्थिर धरली असतानाही अधूनमधून तुटक आवाज येतात. तेही मिश्र सिग्नलच समजावेत का?

उत्तर (गंजखोर)

नाही. कॉइल हलत नसताना येणारा आवाज सहसा विद्युत् व्यत्ययाचा असतो. हेडलॅम्प आणि मोबाइल काही क्षण बंद करून पाहा. काही एलईडी दिव्यांतील वीजनियंत्रक सर्किट कॉइलजवळ आल्यावर गोंगाट करते. फरक पडला नाही तर जवळपास विजेच्या तारा किंवा विद्युत् कुंपण आहे का ते पाहा, यंत्रातील नॉइज कॅन्सल (व्यत्यय टाळण्याची सोय) चालवा आणि तरीही आवाज टिकला तर सेन्सिटिव्हिटी थोडी उतरवा. रात्र चढताना दव पडून गवत भिजते आणि हवा गार होते, म्हणून ग्राउंड बॅलन्स (मातीचा स्वतःचा सिग्नल वजा करण्याची जुळणी) मधूनमधून पुन्हा करावा. हेडफोन एकाच कानावर ठेवावा, म्हणजे आसपासची चाहूलही लागते.

चालताना लाल दिवा वापरल्यास अंधाराला सरावलेली नजर टिकून राहते. मात्र त्या प्रकाशात तांबे आणि गंज यांचा रंग वेगळा ओळखू येत नाही, तेव्हा खड्ड्यातली माती तपासताना मंद पांढरा दिवाच लावावा.